अँकरिंग पूर्वग्रह आणि वऱ्हाडातील कापूसविक्री

अँकरिंग म्हणजे अंदाज बांधताना वा निर्णय घेताना मनात आधी बसलेल्या आकड्याला धरून राहण्याची प्रवृत्ती. ॲमॉस ट्वर्स्की व डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. अमरावती-अकोल्यात ती कापसाच्या भावात ठळक दिसते. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने अनेकांनी कापूस घरातच ठेवला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,३८० रुपये होता. बाजारभाव त्याहून चढा असूनही, मनात दहा हजारांचा आकडा बसल्याने, विकणे तोट्याचे वाटे. भाव उतरत गेले, साठवलेल्या कापसाचे वजनही घटले. याला शेतकऱ्याचा हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे: वेचणीची मजुरी, खते, बियाणे सारेच महागले होते.