व्याख्यानानंतरचं पुस्तक

खेड्यात ऐकणं आधी आलं, वाचणं मागून आलं. श्रावणात देवळात पोथी लागायची. एकानं वाचायचं, जाणत्यानं अर्थ सांगायचा आणि साऱ्या गावानं ऐकायचं. पुढं वर्तमानपत्र आलं तेव्हाही रीत तीच राहिली. पारावर गुरुजी बातम्या वाचून दाखवायचे आणि भोवती माणसं बसायची. १९५१च्या जनगणनेत देशातली शंभरातली जेमतेम अठरा माणसं साक्षर होती. अशा काळात गावात पुस्तकांचं कपाट उघडलं, तरी बहुतेकांच्या दृष्टीनं ते बंदच असणार. म्हणून गावच्या वाचनालयाचा इतिहास पाहताना मी पुस्तकांच्या यादीआधी तिथं झालेले कार्यक्रम पाहतो.

शहरांची गोष्ट थोडी निराळी. रत्नागिरीत १८२८ साली, नाशिकला १८४० साली आणि पुण्यात १८४८ साली ग्रंथालयं निघाली. त्यांचा वाचक मुख्यतः शिकलेला होता. पण त्या वर्गालाही व्याख्यानाची गरज भासली. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. विद्वानानं लोकांसमोर येऊन लोकांच्या भाषेत बोलावं, ही प्रथा तिथं रुजली आणि हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत गेली.

खेड्याचा विचार मुळापासून केला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. हे महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. त्यांनी १९०६ साली आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती पुस्तकच आलं नाही, तर शिकलेली अक्षरं चार वर्षांत पुसली जाणार, ही अडचण त्यांनी ओळखली. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून घेतलं. गावानं वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं, असा तिहेरी हिशेब ठरला. जिथं वाचनालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी पडद्यावर चित्रं दाखवण्याची सोयही ग्रंथालय खात्यानंच केली.

श्रोतेहो, या योजनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पडदा आणि पेटी ही एकाच खात्याची कामं होती. पाहून, ऐकून मनात कुतूहल जागं व्हावं आणि त्या कुतूहलाला लगेच पुस्तक मिळावं, अशी ती जोडणी होती. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक भेटावा, हे त्यांतले दोन. या भेटीची तयारी बडोद्यात वीस वर्षं आधीच झाली होती.

लेखक गावात येतो तेव्हा काय घडतं, याचं उदाहरण म्हणून मी नेहमी कृष्णाकाठच्या औदुंबरचं नाव घेतो. कवी सुधांशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ सालापासून तिथं संक्रांतीला साहित्य संमेलन भरवायला सुरुवात केली. सांगली जिल्ह्यातलं हे लहानसं गाव. पण मोठमोठे लेखक तिथं पोचले. ज्याचं नाव फक्त धड्याखाली वाचलं, तो माणूस समोर बसून आपल्यासारखाच बोलतो, हे पाहिलं की लिहिणं ही आपल्याही आवाक्यातली गोष्ट आहे, असं पोरांना वाटू लागतं.

१९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यासाठी लोकांवर वेगळा कर बसवला नाही. लोकांनी संस्था काढायची, चालवायची आणि शासनानं अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यायचं, ही आपली पद्धत. शासनमान्य ग्रंथालयांची संख्या त्यामुळंच पुढं हजारांत गेली. वाचनालय गावाचं राहिलं, हा मोठाच लाभ. पण अनुदान आलं की तपासणी येते आणि तपासणी आली की दप्तर येतं. कार्यक्रमही मग दप्तरासाठी होऊ लागतात.

मी अनेक गावांत बोलायला गेलो आहे. सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीवर फलक, शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शन, चहा. एका गावी भाषण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक आजी पुढं आल्या. म्हणाल्या, "तुम्ही त्या पुस्तकाचं सांगितलंत, ते हितं मिळंल का? नात वाचून दाखवील." पुस्तक कपाटात दिसत होतं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडं होती ते गृहस्थ लग्नाला गेले होते. नोंदवहीत त्या दिवशीचा कार्यक्रम यशस्वी म्हणूनच लिहिला गेला असणार.

२०१५ सालापासून आपण १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. हे दिवस जरूर व्हावेत. मात्र पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी त्यांच्या पुस्तकांचं एक टेबल असावं, दाराशी देवघेवीची वही उघडी असावी आणि त्या संध्याकाळी ग्रंथपालानं सगळ्यांत शेवटी घरी जावं. टाळ्या किती पडल्या ते कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या रात्री किती पुस्तकं कुणाच्या घरी गेली, ते त्या वहीत राहतं.