मूठभर धान्याची शाळा



गेल्या दोन-तीन डायजेस्टमध्ये "गावाकडच्या हायस्कूलला मदत" ह्या विषयावर बरीच पत्रं आली. कुणी म्हणालं वर्गखोल्या बांधून देऊ, कुणी म्हणालं सोलर बसवू. एका सभासदाने थोडं चिडून विचारलंय की "सगळं आपणच द्यायचं, तर गाव काय करणार?" प्रश्न टोचणारा आहे, पण बरोबर आहे. मी उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की ह्याचं उत्तर आमच्या सातारा जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालेलं आहे. तेव्हा आज थोडा इतिहास. पत्र लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी रयतचा विद्यार्थी. पाटण तालुक्यातल्या एका लहान गावातला. आता ओहायोत राहून पस्तीस वर्षं होऊन गेली, पण कुणी "शाळा कुठली?" विचारलं की अजून तोंडातून आधी "रयत" येतं, मग गावाचं नाव.

कर्मवीर भाऊराव पाटील (आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो) यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. स्वतःचं शिक्षण फार झालं नाही. काही काळ ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. माझ्या मते पुढच्या कामाची तयारी ह्या हिंडण्यातच झाली. नांगर विकणाऱ्या माणसाला शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावं लागतं, त्याचं पाणी प्यावं लागतं, त्याला पैसा कधी सुटतो आणि कधी नाही हे कळावं लागतं. शाळा काढताना अण्णांना हे सगळं आधीच माहीत होतं. सत्यशोधक चळवळ आणि शाहू महाराज यांचे संस्कार होतेच. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले ह्या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. नावातच सगळं आलं बघा. संस्था रयतेची, म्हणजे कुणब्याची, मजुराची.

साताऱ्यात आधी निघालं ते वसतिगृह. निरनिराळ्या जातीची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची. आज हे वाचताना काही वाटत नाही, पण १९२४ च्या साताऱ्यात ह्यासाठी शिव्या खाव्या लागत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते ह्या वसतिगृहाचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक मुलाला पाठ असते. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. संस्थेचा वटवृक्ष त्यांना बघायला मिळाला नाही.

आता मुख्य मुद्दा. शाळा आणि गाव यांची गाठ नेमकी कशी बांधली गेली?

पहिली गोष्ट म्हणजे जागा आणि इमारत. गावाला शाळा हवी असेल तर गावाने जागा द्यायची. इमारत नसेल तर मारुतीचं देऊळ, चावडी, कुणाचा तरी रिकामा सोपा, जे असेल तिथे वर्ग भरवायचे. मग जमेल तसं दगड-माती वाहून, श्रमदानाने खोल्या उभ्या करायच्या. ज्याने त्या भिंतीसाठी डोक्यावरून दगड वाहिलाय, तो माणूस त्या शाळेला जन्मभर "आमची" म्हणतो.

दुसरी गोष्ट मुष्टिफंड. घरातल्या बाईने रोजचं दळण किंवा स्वयंपाक करताना मूठभर धान्य शाळेसाठी बाजूला काढायचं. ते गोळा होऊन वसतिगृहातल्या पोरांच्या भाकरीला जायचं. मला ह्या योजनेचं कौतुक वाटतं ते धान्यापेक्षा वेगळ्याच कारणासाठी. वर्षातून एकदा शंभर रुपये देणारा श्रीमंत असतो, त्याचं नाव पाटीवर लागतं. रोज मूठभर देणारी बाई गरीब असते, पण तिला रोज एकदा शाळेची आठवण होते. स्वतः कधी शाळेत न गेलेल्या हजारो बायका अशा रीतीने शाळेच्या देणगीदार झाल्या.

तिसरी गोष्ट 'कमवा आणि शिका'. अण्णांचं ब्रीद स्वावलंबी शिक्षणाचं. मुलांनी शेतात राबायचं, विहिरी खणायच्या, बांधकामाला हात लावायचा आणि त्यातून आपला खर्च भागवायचा. १९४० मध्ये साताऱ्याला निघालेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल ह्याच तत्त्वावर चाललं. ह्याचा गावावर झालेला परिणाम मोठा होता. "शिकला की पोरगं कामातून जातं" ही बापाची भीती त्याने मोडली. पोरगं इंग्रजी वाचतंय आणि सुट्टीत औतही धरतंय, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं.

चौथी गोष्ट शिक्षक. बाहेरून आणलेला मास्तर शनिवारी दुपारी घरची वाट धरणार, हे अण्णांना कळत होतं. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्याला स्वतःचंच अध्यापक विद्यालय काढलं. खेड्यातलीच पोरं मास्तर होऊन खेड्यात परत गेली. १९३८ च्या सुमारापासून जिथे शाळा नव्हती तिथे व्हॉलंटरी शाळा निघाल्या, अशा शेकडो. आमच्या घरी गुरुजी यायचे ते चहाला नव्हे, तर मी संध्याकाळी दिवा लावून बसलोय का ते बघायला. आई पदर सावरून दारामागून बोलायची, "मारा त्याला गुरुजी, पन शाळा सोडू देऊ नका."

ह्या सगळ्याची खरी परीक्षा झाली १९४८ मध्ये. गांधीजींच्या हत्येनंतर अण्णांचं तेव्हाच्या मुंबई सरकारशी जोरदार बिनसलं आणि संस्थेची ग्रँट बंद झाली. मंडळी, विचार करा. शेकडो शिक्षकांचे पगार, हजारो मुलं, आणि तिजोरी रिकामी. दुसरी कुठलीही संस्था असती तर कुलूप लागलं असतं. इथे लोकांनी धान्य दिलं, पैसे दिले, शिक्षक पोटाला चिमटा घेऊन शिकवत राहिले. गाडगेबाबांसारखा माणूस संस्थेच्या मागे उभा राहिला. पुढे ग्रँट पुन्हा सुरू झाली. माझ्या मते संस्था तगली ती वीस-पंचवीस वर्षं मुठीमुठीने जोडलेल्या नात्यावर. सरकारने हात काढून घेतला तेव्हा खाली गाव होतं. १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. स्वतः न शिकलेल्या, हातात खराटा घेतलेल्या माणसाचं नाव कॉलेजला!

देणगीदारांची एक गोष्टही सांगतो, कारण ती आपल्याला लागू आहे. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालं. एक धनिक मोठी देणगी द्यायला तयार होता, पण कॉलेजला नाव त्याच्या घराण्याचं हवं होतं. अण्णांनी सांगितलं की एकवेळ माझ्या बापाचं नाव बदलीन, पण महाराजांचं नाही. अशी गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. देणाऱ्याने मालक व्हायचं नाही, हा त्यातला धडा.

आता माझ्या शाळेविषयी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. मी तिसरीत होतो. पहाटे आम्ही गोधड्या घेऊन अंगणात आलो ते बरेच दिवस घरात झोपलोच नाही. गावातली अर्धी घरं पडली, हायस्कूलच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा गेल्या. माझा थोरला भाऊ तेव्हा दहावीत. त्यांचे वर्ग चिंचेखाली भरले. ज्यांची स्वतःची घरं पडली होती ती माणसं आपलं छप्पर नीट व्हायच्या आधी शाळेच्या भिंती लिंपायला आली. आमचे वडीलही गेले. आजी त्यांच्यावर ओरडली, "आपल्या डोईवर कौल न्हाई आन् निगाला साळा बांधायला!" वडील काही बोलले नाहीत, घमेलं घेऊन निघाले. ते स्वतः दुसरी शिकलेले. मी पाच वर्षांनी त्याच खोलीत आठवीला बसलो.

इथे अमेरिकेत आल्यावर शाळा आणि गावाची गाठ मी वेगळ्या तऱ्हेने पाहिली. आमच्या ओहायोत स्कूल बोर्ड निवडून येतं आणि शाळेसाठी घरांवर जादा कर लावायचा तर मतदान घ्यावं लागतं, त्याला लेव्ही म्हणतात. १९७६ च्या एका कायद्यामुळे घराच्या किमती वाढल्या तरी जुन्या लेव्हीचं उत्पन्न फारसं वाढत नाही. त्यामुळे शाळेला दर काही वर्षांनी लोकांच्या दारात जावंच लागतं. शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या फुटबॉलला अख्खं गाव लोटतं त्यात ह्याचाही थोडा भाग असावा! ज्यांना मुलंबाळं नाहीत असे म्हातारे शेजारीही आपल्या शाळेविषयी तावातावाने बोलतात, हे मला फार आवडलं. पण ह्याची दुसरी बाजूही आहे. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, गरीब गावाची गरीब. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही पद्धत राज्यघटनेला धरून नाही असा निकाल दिला, तरी दुखणं पुरतं गेलं नाही. म्हणजे गावाचा आधार हवाच, पण सगळा भार गावावर टाकून सरकारने मोकळं होऊ नये. अण्णाही ग्रँटसाठी सरकारशी भांडलेच की. मुष्टिफंड होता म्हणून त्यांनी ग्रँटवरचा हक्क सोडला नाही.

आणि आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ मित्रांनी मिळून एका खेड्यातल्या हायस्कूलला कॉम्प्युटरची खोली करून दिली. शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, आमची होती. आम्ही इथे बसून फोनवर सगळं ठरवलं. उद्घाटनाचे फोटो आले, नारळ फुटला, आमच्या नावांची संगमरवरी पाटी लागली. दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा खोलीला कुलूप. विजेचं बिल कोणी भरायचं हे ठरलेलं नव्हतं, शिकवणाऱ्या सरांची बदली झालेली. गावातल्या एकाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "ती व्हय? ती अमेरिकावाल्यांची खोली." मंडळी, माझ्या मनाला फार लागलं. माझ्या वडिलांनी घमेलं वाहिलेल्या शाळेला लोक "आमची" म्हणत होते, आणि मी डॉलर पाठवलेली खोली परक्याची ठरली. गावाकडून आम्ही एक मूठही मागितली नव्हती. मागितली असती तर त्या कुलपाची किल्ली कुणीतरी शोधली असती.

म्हणून मदत करूच नका असं मी म्हणत नाही. परिस्थिती बदलली आहे. अनेक गावांत ज्याला परवडतं तो पोराला पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला पाठवतो, आणि गावच्या हायस्कूलमध्ये उरतात ती ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही अशांची मुलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांची व्यवस्थापन समिती आणली, पण कागदावरची समिती आणि दिवा लागलाय का बघायला येणारे गुरुजी ह्यांत फरक आहे. आपल्या पैशाची गरज आहे. फक्त क्रम उलटा हवा, आधी गाव आणि मग आपण.

माझी सूचना साधी आहे. ज्या शाळेला द्यायचं तिथल्या ग्रामसभेत किंवा पालकांच्या बैठकीत आधी विषय निघू दे. गाव जे देईल, मग ते रोख असो, वाळू असो, चार दिवसांचं श्रमदान असो नाहीतर विजेचं बिल भरायची हमी असो, त्यानंतरच आपण आपला वाटा घालायचा. पाटी लावायचीच तर ती गावाची. आणि आपल्यापैकी जो कुणी सुट्टीवर जाईल त्याने एक दिवस वर्गात जाऊन बसायचं, भाषण न करता.

अण्णा ९ मे १९५९ ला गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. संस्थेचं चिन्ह वडाचं झाड आहे, आणि वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचंच खोड होतं. आपण इतक्या लांब लोंबकळणाऱ्या पारंब्या. टेकायचं कुठे, एवढंच ठरवायचं आहे.

कुणी रयतकर यादीवर असतील तर जरूर लिहा, विशेषतः मुष्टिफंडाचं धान्य ज्यांच्या घरून गेलंय त्यांनी. आमच्या आईच्या डब्याची आठवण मी पुढच्या खेपेला लिहीन.

चू.भू.द्या.घ्या.

आपला,
ओहायोतला एक रयतकर