बंगळूरचे कारागृह आणि नागरिकाचा अर्ज

बंगळूर आणि मराठी माणूस यांचा संबंध सांगू लागले की आपण शहाजीराजांपासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने हे नगर जिंकले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, ही गोष्ट येथील मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक झालेली असते. परंतु ज्या अर्धशतकाचा सोहळा आपले मंडळ आज साजरे करीत आहे, त्याच्या उंबरठ्यावर याच नगरात आणखी एक प्रकरण घडले. त्यात तलवार नव्हती, कागद होता. आणि तो कागद न्यायालयात नेणाऱ्यांत एक मराठी प्राध्यापकही होता. त्या प्रकरणाची आठवण आपल्या समारंभांतून क्वचितच निघते, म्हणून हा लेखनप्रपंच.

जून १९७५ मध्ये पक्षांतरविरोधी विधेयकासंबंधीच्या संसदीय समितीच्या कामासाठी काही खासदार बंगळुरास आले होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी घोषित झाली आणि २६ तारखेस अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते यांना येथेच ताब्यात घेऊन मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे, समाजवादी परंपरेत वाढलेले आणि १९७१ पासून कोकणातील राजापूरचे खासदार. तिकडे त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यास स्थानबद्ध झाल्या. पतिपत्नींमध्ये दोन राज्ये व दोन तुरुंगांच्या भिंती उभ्या राहिल्या. संवाद उरला तो पत्रांचा.

अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे ज्याला आपण 'मिसा' म्हणून ओळखतो त्याखाली, झालेल्या या स्थानबद्धतेला त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. हा हेबियस कॉर्पसचा अर्ज. बंदिवानाला कोणत्या अधिकाराने अडकवून ठेवले आहे ते सांगा, असा सवाल सरकारला विचारण्याचे ते जुने साधन होय. बाजू मांडण्यास मुंबई उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्यासारखे ज्येष्ठ विधिज्ञ येथे आले. सरकारचे म्हणणे असे की, २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्कच स्थगित झाला आहे. सबब असे अर्ज ऐकून घेण्याचेही कारण नाही. बंगळूरच्या न्यायालयाने हा आक्षेप मानला नाही. देशातील अन्य अनेक उच्च न्यायालयांनीही हीच भूमिका घेतली. पुढे या खंडपीठातील न्यायमूर्ती डी. एम. चंद्रशेखर यांची बदली अलाहाबादेस झाली, हे येथे नमूद केले पाहिजे.

या सर्व निर्णयांविरुद्धची अपिले एकत्रितपणे सर्वोच्च न्यायालयात गेली. तेच सुप्रसिद्ध 'ए. डी. एम. जबलपूर' प्रकरण. बंदिवानांच्या वतीने उभ्या राहिलेल्या वकिलांत सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे होते. मुंबईच्या न्यायासनावरून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी नागरी स्वातंत्र्याच्या संघटित चळवळीला पुढे आपले उर्वरित आयुष्य वाहिले. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकट्या हंसराज खन्ना यांनी भिन्न मत दिले आणि त्यानंतर सेवाज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद लाभले नाही. बहुमतातील चौघांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. म्हणजे एकाच खटल्यात एक मराठी माणूस बंदिवान, एक त्याच्या बाजूने उभा राहिलेला आणि एक त्याच्याविरुद्ध निकाल देणारा! प्रांताभिमानाने इतिहास वाचू गेल्यास अशी पंचाईत होते; तेथे माणसाची भूमिकाच पाहावी लागते.

त्याच कारागृहाच्या इतिहासात एक दुःखद पानही आहे. कन्नड चित्रपट व रंगभूमीवरील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना १९७६ मध्ये येथे डांबण्यात आले. दम्याच्या विकाराने त्यांची प्रकृती ढासळत गेली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची सुटका झाली आणि अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले. खासदारांची नावे वृत्तपत्रे, संसद व न्यायालये यांच्या दप्तरांत राहतात. ज्यांना असा आधार नसतो, त्यांच्यासाठी अर्ज कोणी करावयाचा, हा प्रश्न स्नेहलताबाईंच्या मृत्यूने या नगरापुढे ठेवला.

या कथेचा उत्तरार्ध अधिक आशादायक आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तजवीज झाली. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला व त्याच निकालात १९७६ चा निर्णय रद्दबातल केला. तो अर्ज कोणाचा? बंगळूरचे रहिवासी व कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांचा, वयाच्या ८६ व्या वर्षी, २०१२ मध्ये, त्यांनी तो दाखल केला होता. आणि पित्याच्या निर्णयातील गंभीर दोष दाखविणारे निकालपत्र लिहिले ते पुत्राने, धनंजय चंद्रचूड यांनी. बंगळुरात सुटलेला प्रश्न बंगळूरच्याच एका वृद्ध नागरिकाने पुन्हा विचारला, तेव्हा कोठे त्याचे उत्तर मिळाले.

कोणी म्हणेल, हे सारे दिल्लीचे व मोठ्या लोकांचे विषय. आमच्या रस्त्याशी व गटाराशी यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. मुंबईहून येऊन २०१९ ते २०२१ या काळात येथील मुख्य न्यायाधीशपद भूषविणारे अभय ओक यांच्या खंडपीठाचे तीन निर्णय या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. जुलै २०१९ मध्ये खड्ड्यांच्या प्रकरणी त्यांनी सुस्थितीतील रस्ता हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ज्या अनुच्छेदासाठी दंडवते प्रभृती भांडले, तोच हा अनुच्छेद! डिसेंबर २०१९ मध्ये शहरात लागू केलेला जमावबंदीचा आदेश त्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये बेकायदेशीर ठरविला. आणि डिसेंबर २०२० मध्ये बृहत् बंगळूर महानगर पालिकेच्या रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला.

या तिसऱ्या आदेशाची कथा मात्र अपुरी राहिली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हावी लागते. येथील नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. उच्च न्यायालयाच्या आदेशाला त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पालिकेच्या जागी पाच नव्या महानगरपालिका स्थापन होईपर्यंत तिची निवडणूक झालीच नाही. पाच वर्षे कारभार प्रशासकांकडे राहिला. प्रस्तुत लेखक स्वतः शासकीय सेवेत आहे. अधिकारी कितीही कार्यक्षम असला तरी तो वरिष्ठांना उत्तरदायी असतो, मतदाराला नव्हे, हे तो अनुभवाने सांगू शकतो. फायलीवर टिपणी लिहिणारा आणि रस्त्यावर अडवून जाब विचारता येणारा, ही दोन वेगळी माणसे आहेत. नगराला दोघांचीही गरज असते.

येथे आपल्या समाजाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळजण बदलीने अथवा नोकरीने येथे आलो. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, हळदीकुंकू यांत आपण हौसेने भाग घेतो; पण प्रभाग समितीची बैठक निघाली की 'आपण परके, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणून मोकळे होतो. पाणीपट्टी आणि घरपट्टी भरताना मात्र कोणी आपल्याला परके मानत नाही! छागला या गावचे नव्हते, दंडवतेही नव्हते. त्यांनी येथील न्यायालयाचे दार ठोठावले, कारण अन्याय जेथे होतो तेथेच त्याची दाद मागावी लागते.

ते मध्यवर्ती कारागृह २००० च्या सुमारास परप्पन अग्रहार येथे हलविण्यात आले. जुन्या जागेवर २००८ मध्ये 'फ्रीडम पार्क' उभे राहिले. टेहळणीचा मनोरा अद्याप तेथे आहे. २०२१ च्या पोलीस आदेशाने शहरातील निदर्शनांना हीच एक जागा नेमून देण्यात आली. एकेकाळी जेथे बोलणाऱ्यांना कोंडले जाई तेथेच आता बोलण्याची मुभा आहे, यात प्रगती किती आणि संकोच किती, याचा विचार ज्याने त्याने करावा. मंडळाच्या सहलीत लालबाग असते, नंदी टेकडी असते. एकदा हा मनोराही मुलांना दाखवावा. आणि परत आल्यावर आपल्या प्रभागाचा क्रमांक काय, तेथील अभियंता कोण आणि तक्रार कोणाकडे लेखी द्यावयाची, हे त्यांना विचारावे. ते त्यांना सांगता आले नाही, तर उत्तर शोधून देण्याचे काम आपले.