कारचं नेव्हिगेशन बंद पडलं? युनिट बदलण्याआधी हे तपासा

स्क्रीनवरचा नकाशा गायब झाला आणि स्कॅनरवर यू०१६३ कोड आला, म्हणजे नेव्हिगेशन युनिट जळालंच असं नाही. गाडीतल्या इतर मॉड्यूलना त्याच्याकडून संदेश मिळत नाहीत, एवढंच हा कोड सांगतो. त्यामुळे आधी बॅटरीचं व्होल्टेज, मग युनिटचा फ्यूज, अर्थिंग आणि कनेक्टरमधला गंज तपासावा. हाय-स्पीड कॅन वायरिंगच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरी काढून कॅन-हाय आणि कॅन-लो या वायरींमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी वायर तुटलेली किंवा एक रेझिस्टर निकामी. शून्याच्या जवळ आले तर वायरी एकमेकींना चिकटलेल्या. हे सगळं ठीक निघालं, तरच महागडं युनिट बदलण्याचा विचार करावा.