जाजमावर कोण बसतं?



संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत गावोगावी बचत गटांची हळदीकुंकवं चालतात. वाण काय द्यायचं, यावर आठ-आठ दिवस बोलणं होतं. कुणी म्हणतं स्टीलची वाटी, कुणी म्हणतं चाळणी. मागच्या वर्षी आमच्या गटात हेच बोलणं चाललं होतं. तेवढ्यात गटाची वही सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माझी वर्गणी घ्या, पण त्या दिवशी मी येत नाही. तुम्ही उरकून घ्या." त्यांचे मालक दोन वर्षांमागं गेले. वर्षभर बँकेत पुढं होऊन बोलणारी ही बाई. कुणाचा किती हप्ता राहिलाय हे तिला तोंडपाठ. आणि त्या एका दिवशी ती घरात बसणार. आम्ही पंधराजणी होतो, पण कुणीच काही बोललो नाही. सगळ्याजणी परत वाटी का चाळणी यावर आलो.

ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. म्हणून आज जरा मागं जाऊन बघू या. बायकांची मंडळं आपल्याकडं कशी सुरू झाली, त्यांच्या जाजमावर कोण बसलं आणि कोण बाहेर राहिलं?

पहिली गोष्ट पुण्याची. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सावित्रीबाईंनी महिला सेवा मंडळ नावाचं बायकांचं मंडळही काढलं होतं, हे फार जणींना माहीत नसतं. १८५२ च्या संक्रांतीला, म्हणजे १४ जानेवारीला, या मंडळानं तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष होत्या पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी. निमंत्रणात एक अट स्पष्ट घातली होती. येणारी बाई कुठल्याही जातीची असो, भेद न करता सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल. त्या काळात एका विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, एका पंगतीला बसता येत नव्हतं. अशा वेळी ही बाई म्हणते, जाजम एकच अंथरायचं. म्हणजे आज आपण ज्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला नटूनथटून जातो, त्याच कार्यक्रमाचा सावित्रीबाईंनी पावणेदोनशे वर्षांमागं कसा उपयोग केला बघा. पुढं १८६३ साली फुले दांपत्यानं विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नवरा गेलेली बाई आपल्या उंबऱ्याबाहेर राहू नये, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

दुसरी गोष्ट आपल्याच मुलखातल्या लेकीची. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरातली ही मुलगी. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं आणि ती रमाबाई रानडे झाली. रानड्यांचं बालपण आपल्या कोल्हापुरात गेलेलं. त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. लग्न झालं तेव्हा रानड्यांनी तिशी ओलांडली होती आणि बायकोला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी तिला घरीच शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याची इच्छा, तरी घरातल्या बायकांना ते खपलं नाही. टोमणे, अबोला, जेवताना अपमान, सगळं रमाबाईंनी सोसलं. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० साली आलं. त्यात त्यांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे त्या सभांना जायला लागल्या. त्यावरूनही घरात वादळ उठलं. बायकांनी एकत्र बसून पोथी ऐकली तर चालत होतं. एकत्र बसून स्वतःच्या जगण्याबद्दल बोललेलं मात्र चालत नव्हतं.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड समुद्राकाठच्या मुंबईला गेलं. पुढच्याच वर्षी, १८९४ साली, रमाबाईंनी तिथं बायकांचा क्लब काढला. नाव लांबलचक होतं, हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब. पण काम आपल्या ओळखीचं होतं. तिथं शिवणकाम आणि हस्तकला शिकवत, भाषा शिकवत, जगात काय चाललंय ते सांगत. आज कुणी म्हणेल, यात काय मोठं? त्या काळचं घर डोळ्यापुढं आणा. बाईनं बाहेर पडायचं तर कारण लागायचं. देऊळ, कीर्तन, बारसं, हळदीकुंकू. शिवण शिकायला जाते म्हटलं तर सासू फार तर कुरकुर करणार. सभेला जाते म्हटलं तर दार बंद. पण शिवणाच्या निमित्तानं चारजणी जमल्या की एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात. हळूहळू एखादी उठून बोलते. चारचौघींत उभं राहून बोलायला काय लागतं, हे ग्रामसभेत पहिल्यांदा हात वर केलेल्या बाईला विचारा.

पण खरं तेही सांगायला हवं. या क्लबच्या नावातच एक कुंपण होतं. तिथं प्रामुख्यानं शिकलेल्या, वरच्या जातीच्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या बायका येत. त्याच मुंबईत गिरण्यांत राबणाऱ्या, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरणाऱ्या बायका होत्या. त्यांना क्लबला जायला सवड कुठली? सावित्रीबाईंचं जाजम इथं आखूड पडलं होतं.

मग १९०१ साल उजाडलं. १६ जानेवारीला न्यायमूर्ती रानडे गेले. संक्रांतीच्याच दिवसांत. ज्या बाईनं बायकांना जमवलं, तीच आता चालीरीतीप्रमाणं हळदीकुंकवाच्या बाहेर गेली. रमाबाई पुण्याला परत आल्या. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. तशाच बसून राहिल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती, उलट कौतुकच केलं असतं. पण त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायका कैदी होत्या, त्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथं त्यांनी मुख्यतः कुणाला बोलावलं असेल, तर ज्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही त्यांना. विधवा, टाकलेल्या, घरात फुकट राबणाऱ्या बायकांना. त्यांना शिवण आलं, शिक्षिकेचं काम आलं, नर्सचं काम आलं.

नर्सचं काम तेव्हा हलकं समजत. परक्यांना हात लावायचा म्हणजे बाई बिघडली, अशी समजूत. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातली गोष्ट सांगतात. आलवण नेसलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला मंचावर आली आणि मागं बसलेल्या शिकलेल्या पोरांनी हुर्यो केली. रमाबाई तिथंच उठल्या आणि त्यांनी त्या पोरांना विचारलं की, अशी एखादी बहीण किंवा आत्या जिच्या घरात नाही असा तुमच्यात कोण आहे? सभागृह गप्प झालं. आम्ही पंधराजणी मागच्या वर्षी गप्प बसलो होतो, ते मला इथं आठवतं. तिथं कुणीतरी उठून बोललं, आमच्यात कुणी उठलं नाही.

याच बाईनं पुढं मुलींनाही सक्तीचं मोफत शिक्षण मिळावं म्हणून पुण्यात बायकांना रस्त्यावर आणलं. मुंबई इलाख्यात बायकांना मत द्यायचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. १९२१ साली तो हक्क मिळाला. मालमत्तेची अट होती, त्यामुळं मत थोड्याच जणींना देता आलं. पण दार किलकिलं झालं. तीन वर्षांनी, १९२४ साली रमाबाई गेल्या.

आपल्या करवीर संस्थानातही त्याच काळात वारं फिरलं होतं. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याच साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आला. १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा आला. मुलींच्या शाळांचा कारभार रखमाबाई केळवकर बघत. त्यांची लेक कृष्णाबाई डॉक्टर झाली आणि कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात तिनं बायकांवर उपचार केले. तोच दवाखाना आज आपण सीपीआर म्हणून ओळखतो.

आणि महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. थोड्याच दिवसांत राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाड काही लांब नाही. आपल्यातल्या कित्येकींचं माहेर त्याच भागातलं आहे.

पण ठराव झाला तरी हळदीकुंकवाच्या दिवशी आमच्या मावशी घरातच बसल्या. ग्रामपंचायत ठराव करते. जाजम मात्र आपण अंथरतो, आणि कुणाला हाक मारायची ते आपणच ठरवतो.

म्हणून एक सुचवते. यंदा वाणाचं बोलणं निघेल, तेव्हा वाटी का चाळणी हे ठरवण्याआधी गटाची हजेरी घ्या. गेल्या वर्षी कोण आलं नव्हतं, ती नावं वहीत लिहा. मग दोघी-तिघींनी त्यांच्या घरी जा. घरी म्हातारी सासू असेल, ती नको म्हणेल. तिच्याशीही बसून बोला, कदाचित तीही कधीची घरातच बसलेली असेल. ज्यांना कुंकू लावून घ्यायचं नसेल त्यांना आग्रह नको, तिळगूळ द्या आणि शेजारी बसवा. दुसऱ्या वाडीतली, दुसऱ्या जातीची कोण आपल्या गटात येत नाही, तेही त्याच वहीत लिहायचं आहे.

आमच्या गटाची बैठक या शनिवारी आहे. मी मावशींच्या घरी शुक्रवारीच जाणार आहे. वही त्यांच्याकडंच असते, त्यामुळं पहिलं नाव त्यांनाच लिहावं लागेल.