कोऱ्या रकान्यातील स्वाक्षरी

जुन्या दप्तरखान्यात ज्यांचा वावर झाला आहे, त्यांस रुमालावरील चिठ्ठीचे मोल सांगावयास नको. कागद शाबूत असला, पण चिठ्ठी चुकली, तर तो हरवल्यातच जमा. संगणकाच्या अल्पवयीन इतिहासातही असे एक प्रकरण घडले आहे. ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जपानच्या निंटेंडो कंपनीचे फॅमिकॉम हे खेळयंत्र १९८३ साली निघाले. १९८५ साली ते एनईएस या नावाने अमेरिकेत गेले. १९९०च्या दशकात आपल्याकडील मुले टीव्हीला जोडून जे व्हिडिओ गेम खेळत, त्यांतील बरेचसे याच यंत्राच्या नकला होत्या. कार्ट्रिजमधील एका चिपमध्ये खेळाचा प्रोग्रॅम, तर बहुधा दुसरीत चित्रे असत. यंत्रास एका वेळी ३२ किलोबाइट इतकाच प्रोग्रॅम दिसे. म्हणून मोठ्या खेळांत पोथीची पाने पालटावीत तसे भाग पालटणारी निराळी जोडणी असे. तिला मॅपर म्हणतात.

चिपमधील मजकूर फाइलीत उतरविता येतो; जोडणी मात्र उतरत नाही. म्हणून १९९६ साली मरात फैझुलिन यांनी आपल्या आयएनईएस या एम्युलेटरसाठी, म्हणजे मूळ यंत्राची संगणकावर हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, फाइलीच्या माथी १६ बाइटांची चिठ्ठी लावली. पहिले चार बाइट ओळखीचे, पाचवा प्रोग्रॅमच्या मापाचा, सहावा चित्रांच्या मापाचा, सातव्यात मॅपरचा क्रमांक. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा मजकूर ४०,९६० बाइटांचा, चिठ्ठीसह फाइल ४०,९७६ बाइटांची होते. चिठ्ठीचे शेवटचे नऊ बाइट आरंभी कोरेच होते.

त्या कोऱ्या जागेत एका साधनाने ‘डिस्कड्यूड!’ अशी आपली नऊ अक्षरी रोमन स्वाक्षरी ठोकून दिली. तेव्हा कोणाचे काही बिघडले नाही. पुढे मॅपरांची संख्या वाढली आणि आठवा बाइटही क्रमांकाच्या कामी आला. स्वाक्षरीतील पहिल्या ‘डी’मुळे आता क्रमांकात ६४ ची भर पडू लागली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’चा मॅपर ४, तो ६८ वाचला जाई आणि खेळ चालत नसे. मूळ मजकुरातील एक बाइटही ढळला नव्हता!

यावर तोड अशी निघाली की, शेवटचे चार बाइट कोरे नसतील, तर आठव्या बाइटावर विश्वास ठेवू नये. २००६ साली केविन हॉर्टन यांनी एनईएस २.० हा विस्तारित आराखडा मांडला. त्यात जुन्या वाचकासही जुना भाग वाचता यावा, अशी व्यवस्था आहे. फाइलीवरून खेळ चालविणारी कार्ट्रिजे मूळ यंत्रास लावली, तरी तीही हीच चिठ्ठी वाचतात.

हा पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा विषय नव्हे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. अशा नकला बाळगण्यातील स्वामित्वहक्काचा प्रश्न खराच. परंतु पुष्कळ खेळ उरतील ते अशा फाइलींतूनच.

आपल्या घराण्यांतील सनदा, पत्रे आणि छायाचित्रे आता संगणकात जाऊ लागली आहेत. त्यांवर सन, गाव आणि व्यक्तींची नावे नेमकी लिहावीत. कोरा रकाना मात्र कोराच ठेवावा. तो पुढील पिढीच्या मालकीचा असतो.