रस्ता कुणी मोडला? याचं उत्तर १९६० सालीच मिळालंय

परवा कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला चाकोऱ्या पडल्याची पोस्ट टाकली, तर खाली दोन तट पडले. एक म्हणतो ठेकेदाराने डांबर खाल्लं, दुसरा म्हणतो गाड्याच लई वाढल्या. दोघांनाही एक जुनी गोष्ट सांगतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा नावाचं गाव आहे. तिथे ऑक्टोबर १९५८ मध्ये सरकारी खर्चाने रस्ते मुद्दाम मोडायला घेतले. (आपल्याकडे हे काम विनाखर्च होतं, असो.) कमी-जास्त जाडीचे डांबराचे आणि काँक्रीटचे तुकडे जोडून सहा वळसे बांधले. एका वळशावर एकही गाडी सोडली नाही, नुसती हवा रस्त्याचं काय करते ते बघायला. बाकीच्यांवर ठरलेल्या वजनाचे ट्रक. चालवायला लष्कराचे जवान, दिवसाला अठरा तासांहून जास्त, आठवड्याचे सहा दिवस. नोव्हेंबर १९६० पर्यंत अकरा लाखांवर अ‍ॅक्सल रस्त्यावरून गेले. दर पंधरवड्याला भेगा, चाकोऱ्या, ठिगळं, खडबडीतपणा मोजायचे आणि रस्त्याला पाचपैकी गुण द्यायचे. गुण दीडवर आले की तो तुकडा बाद. डांबरी तुकडे सगळ्यात जास्त मेले ते वसंतात, बर्फ वितळून खालची माती ओली झाल्यावर. आपल्याकडे तेच काम जुलै-ऑगस्ट करतो.

यातून निघालेला ढोबळ हिशेब आजही जगभर वापरतात. रस्त्याचं नुकसान अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट. दहापट जड अ‍ॅक्सल म्हणजे दहा हजारपट! म्हणजे तुमच्या-माझ्या मोटारी आणि फटफट्या हिशेबातच धरायला नकोत. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टन वाटतं, पण चौथा घात काढा, नुकसान सुमारे १.६ पट येतं. तेही कायद्यात राहून. उसाच्या हंगामात काट्याच्या आधी कोण किती भरतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

मग ठेकेदार सुटला का? नाही. येणारं वजन आधी मोजून जाडी ठरवायची असते, आणि ती खरोखर घातली का हे नंतर तपासायचं असतं. त्यासाठी बेंकलमन बीम नावाचं साधं अवजार आहे, १९५० च्या दशकातलं. भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांमध्ये लांब दांड्याचं टोक ठेवायचं, ट्रक पुढे न्यायचा, दबलेला रस्ता किती वर येतो ते डायलवर वाचायचं. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यावर पद्धतही आहे. खड्डा दिसायच्या आधी रस्ता आतून थकलाय हे यात कळतं.

आपल्या रस्त्यावर असं वाचन शेवटचं कधी घेतलं आणि जाडी कुठल्या वाहतुकीसाठी धरली, असे दोन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारलेत. उत्तर आलं की फोटोसकट इथेच टाकतो.